रिकाम्या वर्गाची हजेरी

आमच्या हेडमास्तरांशी भिंती बोलतात, असं गावात म्हणत. निम्मं गाव ते कौतुकानं म्हणे आणि निम्मं डोक्याकडं बोट दाखवून. मी त्या शाळेवर रुजू झालो त्या सकाळी ते मला दिसले तेच मुळी भिंतीला कान लावून उभे असलेले. धोतर, वर करडा कोट, पायात टायरच्या चपला आणि हातात उलटी धरलेली छत्री. छत्रीच्या मुठीनं ते भिंत ठोकायचे, ऐकायचे, एक पाऊल सरकायचे, पुन्हा ठोकायचे. मी नमस्कार केला. त्यांनी बोटानं गप्प राहायची खूण केली, कोपऱ्यापर्यंत ठोकत गेले आणि मग वळून म्हणाले, "आज ही बाजू ठीक हाय. पोराइले इकडं बसवा. तुमी नवीन मास्तर न?"

सत्तरीच्या दशकातली गोष्ट. वाशिम तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, आमचा सगळा मुलूख अकोल्यात मोडायचा. शेलूबाजारच्या सडकेवर एस.टी.तून उतरायचं आणि वावरांच्या धुऱ्यावरून, बांधाबांधानं, आत चालत यायचं, असं ते गाव. जिल्हा परिषदेची शाळा म्हणजे मातीच्या भिंतींच्या दोन खोल्या, वर टिनं, पुढं ओटा. मास्तर आम्ही दोघंच. मी एकटा जीव, त्यांच्याच शेजारच्या खोलीत राहायचो. ते विधुर होते, मूळचे अनसिंगचे. मूलबाळ नव्हतं.

मी ट्रेनिंग कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला, डोक्यात अध्यापनाच्या पद्धती गच्च भरलेल्या. मला वाटलं, आपल्या नशिबी एक वेडा माणूस आला. भिंती ठोकायचं कारण मला बऱ्याच दिवसांनी कळलं, तेही त्यांच्याकडून नाही.

त्यांच्या येण्याआधी पावसाळ्यात शाळेची एक भिंत भर वर्गात पडली होती. सगळी पोरं बाहेर पळाली, एक अडकलं. गिरजाबाई नावाच्या बाईचा तो थोरला मुलगा. नवरा वारलेला, बाई दुसऱ्यांच्या वावरात निंदायला, कापूस वेचायला जायची. बौद्ध वस्तीत तिचं घर. नवरा असताना दोघांनी ठरवलं होतं की आपली लेकरं शिकवायची. त्या मुलाचा पाय मोडला, तो वाकडाच जुळला. भिंत पुन्हा बांधली गेली, पण गिरजाबाईनं धाकट्या शांताला शाळेच्या आवारात पाऊल टाकू द्यायचं नाही असं ठरवलं, आणि तिचं पाहून वस्तीतल्या आणखी घरांनीही.

हेडमास्तर बदलून आले तेव्हा शाळेचा चार्ज घ्यायच्या आधी ते गिरजाबाईच्या उंबऱ्यावर जाऊन बसले. ही हकीकत मला खुद्द तिनंच सांगितली. म्हणाली, "मले वाटलं, समजावाले आला असन. म्या तोंडाले येईन ते बोलली. मानूस डोये मिटून बसला. एक शबद बोलला नाई. माह्यं सरलं तवा म्हनते, आजून काई राह्यलं असन तं बोला. मंग म्या इचारलं, त्या भिंतीकडं कोन पाहात होतं? तं म्हनते, कोनीच नाई पाहात होतं, बाई. आता मी पाहात जाईन."

आणि ते पाहू लागले. उन्हाळा असो, पावसाळा असो, शाळा भरायच्या आधी प्रत्येक भिंत ठोकल्याशिवाय त्यांनी कधी घंटा दिली नाही. गिरजाबाई कामाला जाताना वाट वाकडी करून हे लांबून बघायची. पुढं कधीतरी तिनं शांताला शाळेत घातलं. पहिल्या दिवशी पोरगी आत बसली आणि आई बाहेर ओट्यावर. हेडमास्तरांनी तिला आत बोलावून पोरांच्या मागं बसायच्या तरटाच्या पट्टीवर जागा दिली. त्या दिवसापासून आमच्या शाळेत मागची पट्टी ही आईबापांची झाली. कुणीही केव्हाही यावं, बसावं, उठून जावं. कधी एखादा म्हातारा नातवाला पोचवायला यायचा आणि तिथंच डुलकी काढायचा.

मला त्याचा फार त्रास व्हायचा. माझा पाठ चालू असताना पायाला चिखल लागलेली माणसं टक लावून बसलेली. मी एकदा त्यांना म्हणालो, की ह्यांना शिकवण्यातलं काय कळतं. ते भाकरी खात होते. म्हणाले, "त्याइले शिकवन्यातलं नाई कळत. पोरगं शिकलं का नाई, ते कळते."

न शिकणाऱ्या पोरांचा त्यांना घोर होता, पण त्याहून जास्त कुतूहल त्यांना शाळेत मूल न पाठवणाऱ्या बापाचं. शेलूबाजारच्या आठवडी बाजारात त्यांची एक फेरी ठरलेली. मी एकदोनदा बरोबर गेलो. भाजी घेतल्यावर ते एका जैन शेटजींच्या कापडदुकानात शिरायचे. शेटजींची जमीन आमच्या गावाला होती, घरही होतं, पण नातवंडं अकोल्याला खाजगी शाळेत. हेडमास्तरांनी गादीच्या कोपऱ्यावर बसून सरळ विचारलं, की तुमची लेकरं आमच्या शाळेत का नाहीत. शेटजी सज्जन माणूस, त्यांनी आधी टाळलं, चहा मागवला. हे उठेनात. शेवटी शेटजी म्हणाले, "गुरुजी, रागावू नका. तुमच्या शाळेमागच्या विहिरीले कठडा नाई. आन् चौथीतल्या पोराले एस.टी.ची पाटी वाचता येत नाई. मी माझं लेकरू कशाच्या भरवशावर पाठवू?"

मला झोंबलं. चौथीचा वर्ग माझ्याकडं होता, नुकताच हाती आलेला. मला वाटलं हेडमास्तर काहीतरी बाजू घेतील. त्यांनी शेटजींना हात जोडले, उत्तम कारण सांगितलं म्हणाले, आणि आम्ही निघालो.

परत आल्यावर ते आधी शाळेमागच्या विहिरीपाशी गेले. सकाळी उठून पाहतो तर विहिरीभोवती बाभळीच्या फांद्यांचं दाट कुंपण उभं राहत होतं. धोतर खोचून हा माणूस काटे ओढत होता, हात रक्ताळलेले. गावातली चार माणसं लाजून मदतीला आली. पुढं पंचायतीनं दगडी कठडा बांधला, पण तोवर ते बाभळीचं कुंपण दर थोड्या दिवसांनी तेच नवं करायचे.

आणि पुढच्या बाजाराला त्यांनी माझा चौथीचा अख्खा वर्ग शेलूबाजारला चालवत नेला. एस.टी. थांब्यावर उभं केलं. गाडी आली की तिची पाटी वाचायची. मग दुकानांच्या पाट्या, खताच्या पोत्यांवरची अक्षरं, औषधांच्या डब्यांवरची. ज्याला येत नव्हतं त्याला मारलं नाही, हसू दिलं नाही. पण सगळ्या बाजारासमोर, त्या पोरांच्या बापांसमोर, ते मोठ्यानं म्हणाले, की यांना वाचता येत नाही, हे खरं आहे, आणि ही चूक पोरांची नाही. दुसऱ्या दिवशी चौथीचा वर्ग पहिलीच्या पुस्तकापासून पुन्हा सुरू झाला. ते स्वतः माझ्या शेजारी उभे राहून शिकवायचे. मी ट्रेनिंग कॉलेजात जे शिकलो होतो, ते पहिल्यांदा त्या दिवसांत मला समजलं.

पुढच्या वर्षी शेटजींचा सर्वांत धाकटा नातू आमच्या पहिलीत आला. हेडमास्तरांनी त्याला शांताशेजारी बसवलं. शेटजींनी येऊन ते पाहिलं आणि मागच्या पट्टीवर घटकाभर बसून गेले.

मग आणीबाणीचं वर्ष आलं. नसबंदीच्या केसेस आणायचं काम मास्तरांच्या गळ्यात पडलं. कुणाच्या बापाला धरून आणायचं, कुणाच्या मामाला, याच गोष्टी मास्तरांच्या बैठकीत चालायच्या. आमच्या हेडमास्तरांनी एकही केस आणली नाही. मी विचारलं तेव्हा त्यांनी साधा हिशेब सांगितला. "ज्या पोराचा बाप मी जीपमधी बसवीन, ते पोरगं उद्या माह्यापुढं पाटी घेऊन बसन का?"

त्याच पावसाळ्यात कॉलऱ्याची साथ मंगरूळच्या बाजूला दिसू लागली, आणि शाळांतून पोरांना सुई टोचायचं ठरलं. त्याच्याआधी अफवा येऊन पोचली. शाळेत दारं लावून पोरांची नसबंदी करून राहिलेत. आसेगावकडून कोणीतरी ऐकून आलं, बाजारात ती दुप्पट झाली. एका दुपारी सडकेवरून धुरळा उडवत एक जीप गेली. कुणाची होती ते आजवर कळलं नाही. पण वावरातून बायका, माणसं विळे, काठ्या घेऊन शाळेकडं धावत सुटली. आरडाओरडा नव्हता, त्याचंच जास्त भय वाटलं. जो तो आपलं लेकरू उचलत होता आणि निघून जात होता. गिरजाबाईनं शांताला हाताला धरून ओढलं. माझ्याकडं तिनं जे पाहिलं, ते मी विसरलेलो नाही.

हेडमास्तर बाजूला उभे राहिले. कुणाला अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत एकही पोर आलं नाही. मी ओट्यावर बसून होतो. मला वाटलं, आज कुलूप लावून घरी जावं. हेडमास्तरांनी नेहमीप्रमाणं भिंती ठोकल्या, घंटा दिली आणि मला म्हणाले, "वेळ झाली. प्रार्थना घ्या."

आम्ही दोघांनी मोकळ्या पटांगणासमोर उभं राहून प्रार्थना म्हटली. मला लाज वाटत होती, माझा आवाज पुटपुटण्याच्या वर जात नव्हता. त्यांचा खणखणीत लागला होता. मग त्यांनी हजेरी घेतली. ओट्यावर उभं राहून, गावाकडं तोंड करून, एकेक नाव. प्रत्येक नावानंतर ते थांबायचे, पोराला उठून हात वर करायला जेवढा वेळ लागतो तेवढा. मग गैरहजर मांडायचे आणि पुढचं नाव. ते झाल्यावर त्यांनी रिकाम्या खोलीत गणित शिकवायला घेतलं. प्रश्न विचारायचे, उत्तरासाठी थांबायचे, मग स्वतःच उत्तर सांगून कसं आलं ते फळ्यावर मांडायचे. आवाज विहिरीपर्यंत जात होता. पाणी भरणाऱ्या बायका हसत होत्या. माझी खात्री झाली की माणूस कामातून गेला.

दुपारी गिरजाबाई एकटीच आली. आवाराबाहेर उभी राहून तिनं विचारलं, "गुरुजी, रिकाम्या खोलीले कायले शिकवून राह्यले?"

"पोट्टे ऐकून राह्यले, बाई," ते म्हणाले.

ती म्हणाली, "सुई नाई देनार, असं सांगा. मी उद्या शांताले धाडतो."

खोटं बोलून सगळं मिटवता आलं असतं. मी मनात म्हणत होतो, हो म्हणा. पण ते ओट्यावरून खाली उतरून तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. "सुई येईन. कॉलऱ्याची येईन, आन् ती द्यावीच लागन, नाई तं लेकरं दगावतीन. पन तुमी पाहान, तुमी हो म्हनान, तवाच. तुमी नाई म्हनलं तं माह्या शाळेत तुमच्या लेकीले कोनी हात नाई लावनार."

"दार लावून घेतल्यावर आत काय करतात ते आमाले काय दिसते?" ती म्हणाली आणि निघून गेली.

ते बराच वेळ दाराकडं पाहत राहिले. मग मला सुताराकडं पहार आणायला पाठवलं. संध्याकाळच्या आत त्यांनी शाळेच्या दोन्ही खोल्यांची दारं बिजागऱ्यांसकट उखडून काढली. मी म्हणालो, सरकारी मालमत्ता आहे, पावसाळा आहे, ढोरं आत शिरतील. ते म्हणाले, ढोरं हाकलता येतात. एक दार त्यांनी ओट्यावर बाहेरच्या बाजूला, रस्त्याकडं तोंड करून टेकवलं. जुन्या बॅटरीच्या मसाल्यात डिंक कालवून त्याला काळा रंग दिला. दुसऱ्या दिवसापासून ते त्या दारावर शिकवू लागले. आता जे लिहिलं जात होतं ते येणाऱ्याजाणाऱ्याला दिसत होतं.

पुन्हा प्रार्थना, पुन्हा हजेरी, पुन्हा थांबणं. त्यांनी भागाकाराचं एक गणित मांडलं आणि विचारलं, बाकी किती. विहिरीकडच्या तुराट्यांच्या कुडामागून एक बारीक आवाज आला, "दोन."

हेडमास्तरांनी वळूनही पाहिलं नाही. "बरोबर. बस खाली," म्हणाले आणि पुढचं गणित मांडलं.

थोड्या वेळानं निंबाच्या झाडावरून दुसरं उत्तर आलं, चुकीचं. त्यांनी ते झाडाला समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी हजेरीला कुडामागून, टिनांवरून, गोठ्याच्या आडून "हजर" यायला लागलं. जिथून आवाज यायचा तिकडं बोट करून ते हजेरी मांडायचे. शांताचं नाव घेतलं तेव्हा काही आवाज आला नाही. ते थांबले. पुढचं नाव घेतलं नाही. सगळं गाव ऐकत होतं. वस्तीच्या बाजूनं गिरजाबाई पोरीला हाताशी धरून चालत आली, थेट ओट्यापर्यंत, आणि पोरीचा हात सोडला. "हजर म्हन," ती शांताला म्हणाली.

त्या आठवड्यात शाळा भरली. मागच्या पट्टीवर आईबापांना जागा पुरेना, ते ओट्यावर बसायला लागले.

जीप आली ती खरोखरची. तालुक्याचे एक साहेब, एक नर्सबाई, सुयांची पेटी. साहेब वाईट माणूस नव्हते, घाईत होते. पुढं आणखी गावं करायची होती आणि केसेसचा जाब त्यांनाही कुणाला तरी द्यायचा होता. ओट्यावरची माणसं पाहून ते म्हणाले, गर्दी हटवा, दार लावून घ्या आणि पोरांना रांगेत उभं करा. मग त्यांच्या लक्षात आलं की दार नाही. ते हेडमास्तरांकडं पाहू लागले.

हेडमास्तर उंबऱ्यावर उभे होते. साहेबांशी ते शुद्ध पुस्तकी भाषेत बोलायचे. "साहेब, आया वावरात गेल्या आहेत. निरोप धाडला आहे. त्या येईपर्यंत आपण चहा घ्यावा."

साहेबांचा आवाज चढला. शाळा कुणाची आहे, हुकूम कुणाचा आहे, असं बरंच बोलले. केसेसचा विषयही तिथंच काढला, अख्ख्या तालुक्यात यांचीच पाटी कोरी आहे म्हणाले. निलंबनाचा शब्द मी प्रथम तिथं ऐकला. हेडमास्तरांनी सगळं डोळे मिटून ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी मास्तर आहे. या लेकरांच्या अंगावर माझा हक्क नाही. तो त्यांच्या आईबापांचा आहे. माझ्या अंगावर मात्र आहे, हे घ्या." त्यांनी कोट काढला, सदऱ्याची बाही वर केली आणि नर्सबाईंसमोर दंड धरला.

नर्सबाईंनी साहेबांकडं पाहिलं नाही. त्यांनी सुई भरली आणि टोचली. तोवर आया येऊन पोचल्या होत्या, ओट्याभोवती दाटी झाली होती. कुणी हलत नव्हतं. मग गिरजाबाई पुढं झाली. नर्सबाईच्या हातातली बाटली मागून घेतली आणि शांतापुढं धरली. "काय लिवलं हाय, वाच."

पोरीनं अडखळत, अक्षर अक्षर लावत, बाटलीवरच्या कागदावर इंग्रजीखाली छापलेलं मराठी वाचलं. कॉलरा हा शब्द आला तेव्हा गिरजाबाईनं मान हलवली. स्वतःचा दंड पुढं केला, टोचून घेतलं, मग पोरीला मांडीवर घेऊन बसली. तिच्यामागं रांग लागली. साहेबांना चहा मिळाला, पण तो त्यांनी घेतला नाही.

त्या साथीत शेजारच्या गावांतून रडारड ऐकू आली. आमच्या शाळेतलं एकही लेकरू गेलं नाही.

निलंबनाचा कागद दिवाळीच्या आत आला. पुढं चौकशी झाली, गावानं साक्षी दिल्या, शेटजी स्वतः अकोल्याला जाऊन बोलले. नोकरी वाचली, पण बदली झाली, पार दुसऱ्या टोकाच्या एका शाळेवर. मधल्या काळात त्यांना वर्गावर जाता येत नव्हतं, तर ते रोज येऊन मागच्या पट्टीवर बसायचे आणि मी शिकवायचो. माझ्या आयुष्यातली सगळ्यात कठीण आणि सगळ्यात चांगली नोकरी मी तेवढ्या दिवसांत केली.

त्यांची गाडी शाळेच्या वेळेत होती. गावानं हारतुऱ्याचा घाट घातला, त्यांनी साफ नकार दिला. पोरांचे तास बुडतील म्हणाले. मला थांब्यापर्यंत येऊ दिलं नाही. सकाळी वळकटी खांद्यावर टाकून ते धुऱ्यानं निघाले, एकटेच. मी वर्गावर उभा राहिलो. पुस्तक उघडलं होतं, पण अक्षरं दिसत नव्हती. पोरंही सडकेकडं कान लावून होती. लांब सडकेवर एस.टी. थांबल्याचा आणि मग निघाल्याचा आवाज आला.

तेवढ्यात गिरजाबाई आली. वावरातूनच आली असावी, पदर खोचलेला, हातात विळा. तिनं विळा ओट्यावर ठेवला आणि आत येऊन मागच्या पट्टीवर बसली. मला वाटलं, ती गुरुजींबद्दल काही बोलेल, रडेल. मी विचारलं, काय बाई?

"काई नाई," ती म्हणाली. "ते गेले. आता तुमी कसे शिकवता ते पाहाले आली."

मी फळ्याकडं वळलो, खडू घेतला आणि धडा सुरू केला. आवाज माझा मलाच खोल गेलेला वाटत होता. दोन ओळी झाल्या असतील, मागून तिचा आवाज आला.

"मोठ्यानं बोला, मास्तर. बाहीर उभे हायेत त्याइलेबी ऐकू गेलं पाह्यजे."

मी दाराबाहेर पाहिलं. अर्धं गाव उभं होतं.